जुन्या सान हुआनमध्ये जहाजाचा एक दिवस : दोन्ही किल्ले की एकच?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी फ्लोरिडाहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ आहे. प्वेर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात जहाज दुपारी १२ ला लागणार आणि रात्री ८ ला सुटणार. आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. सासूबाईंचा गुडघा दुखतो, सपाटीवर चालतात, पायऱ्या जपून. आम्ही तिघं शाकाहारी आहोत.

जहाजावर साडेतीन तासांची बसमधली शहरदर्शन सहल विकतात. ती घ्यावी की आपलं आपण फिरावं? एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले आठ तासांत बसतात का?

नांगर
आठ तास नाहीत, आधी तो हिशेब करा. १२ ला जहाज लागलं तरी उतरायची परवानगी मिळून बाहेर पडेपर्यंत साडेबारा धरा. परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते, म्हणजे सात किंवा साडेसात. आणि खरी अडचण पुढेच आहे : दोन्ही किल्ले साडेनऊ ते साडेचारच्या आसपास उघडे असतात. किल्ल्यांसाठी तुमच्या हातात जेमतेम चार तास उरतात. गल्ल्या, चौक, तटाखालचा रस्ता हे सगळं रात्रीपर्यंत मोकळंच असतं. त्यामुळे क्रम ठरलेला : जेवण ११ ला जहाजावर उरका, उतरल्याबरोबर किल्ले, बाकी सगळं साडेचारनंतर. बरेच लोक आधी बंदरासमोरच्या दुकानांत शिरतात, मग निवांत जेवायला बसतात आणि किल्ल्याच्या दारात पोचतात तेव्हा दार लावायची वेळ झालेली असते.

बसची सहल घेऊ नका. जुनं शहर एका छोट्या बेटाच्या टोकाला आहे, गल्ल्या अरुंद, एकेरी. बस बाहेरच थांबते आणि पुढे चालायचंच असतं, फक्त चाळीस जणांच्या गतीने.

बुरूज
नांगर यांच्याशी सहमत. दोन्ही किल्ले बसतात, पण क्रम उलटा करू नका. आधी सान क्रिस्तोबाल, मग एल मोर्रो. कारण चढण.

धक्क्यावरून प्लासा कोलोनपर्यंत या, तिथून सान क्रिस्तोबालचं दार वर दिसतं. दहा-बारा मिनिटं, पण चढ आहे. तेवढाच मोठा चढ दिवसभरात. तिथून काये नोर्सागाराय हा रस्ता उत्तरेच्या तटाला धरून एल मोर्रोकडे जातो, दीडेक किलोमीटर, डाव्या हाताला शहर, उजवीकडे अटलांटिक. (काये म्हणजे रस्ता.) एल मोर्रो झालं की काये देल क्रिस्तोने उतरत कॅथेड्रलपर्यंत यायचं, कॅथेड्रलसमोरच्या कालेता दे सान हुआन या छोट्या गल्लीने सान हुआन दरवाजातून बाहेर पडायचं आणि तटाखालच्या पासेओ दे ला प्रिन्सेसावरून सपाट चालत धक्क्यावर. पूर्ण उतार. उलट गेलात तर हाच उतार उन्हात चढावा लागतो.

तिकीट प्रौढांना १० डॉलर, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, आणि एकाच तिकिटावर २४ तासांत दोन्ही किल्ले. पहिल्या किल्ल्यावर मिळालेली पावती फेकू नका, दुसऱ्या दारात दाखवावी लागते. पैसे भरायला कार्ड ठेवा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आधीच असेल तर पासधारक आणि बरोबरचे तीन प्रौढ त्यावर जातात, म्हणजे तुमचं पूर्ण कुटुंब.

अबोली
बुरूज, मार्ग उत्तमच, पण त्यांनी गुडघ्याचं लिहिलंय ते वाचा. सान क्रिस्तोबालच्या दारातून मुख्य चौकात जायलाच उताराची लांब वाट चढावी लागते, आणि पुढचं सगळं पायऱ्या आणि भुयारं. सासूबाईंना दोन्ही किल्ले दाखवायचा हट्ट धरलात तर संध्याकाळी त्या खोलीतून हलणार नाहीत.

माझं मत : मोठ्यांसाठी फक्त एल मोर्रो. टॅक्सीने थेट किल्ल्यासमोरच्या मैदानाच्या कडेपर्यंत. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत सरळ वाट आहे, साधारण ४०० मीटर, सपाट, पण सावलीचं एक झाडही नाही. छत्री किंवा टोपी आणि पाणी न्याच. दार आणि खंदकावरचा पूल ओलांडला की मुख्य चौक त्याच पातळीवर. तिथल्या तिथे फिरून समुद्र, बंदराचं तोंड, गॅरिता सगळं दिसतं. खालच्या तोफांच्या पातळीवर जाणारा उतार फार तीव्र आहे, तो टाळायचा.

तेवढ्या वेळात तरुण मंडळी सान क्रिस्तोबाल करून चालत एल मोर्रोला पोचतात. भेटीची जागा कुआर्तेल दे बायाहा ठेवा. १८५४ ते १८६४ मध्ये बांधलेली स्पॅनिश सैन्याची तीन मजली बराक, मैदानाच्या अगदी समोर. आतला चौक प्रशस्त, सावली, बसायला जागा, कॉफी, स्वच्छतागृह. दुसऱ्या मजल्यावर म्युझेओ दे लास आमेरिकास आहे.

चकली
गॅरिता म्हणजे?

बुरूज
तटाच्या कोपऱ्यावर बाहेर लोंबणारी घुमटीसारखी पहाऱ्याची चौकी. एका शिपायापुरती जागा, तीन बाजूंना फटी. प्वेर्तो रिकोच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही तिचं चित्र असायचं, इतकी ती तिथली खूण आहे.

अबोली, मोठ्यांसाठी तुमची सूचना मान्य. पण तरुणांनी सान क्रिस्तोबाल सोडू नये, कारण दोन किल्ले एकमेकांशिवाय समजत नाहीत. एल मोर्रोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं. तो समुद्राकडे बघतो. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक बंदरात घुसायला आला, त्याला इथल्या तोफांनी परतवला. तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, कंबरलंडच्या अर्लने, म्हणजे दुसऱ्या एका इंग्रज सरदाराने, शहाणपणा केला : पूर्वेला लांब सैन्य उतरवलं आणि जमिनीच्या बाजूने चालून आला. समुद्राकडे तोंड करून बसलेला किल्ला पाठीमागून पडला. त्याच्या सैन्यात हगवणीची साथ आली म्हणून तो काही आठवड्यांत निघून गेला, नाहीतर इतिहास वेगळा झाला असता. १६२५ मध्ये डच एल मोर्रोच्या तोफांखालून थेट बंदरात घुसले. किल्ला त्यांना मिळाला नाही, पण जाताना त्यांनी शहर जाळलं.

सान क्रिस्तोबाल हे पाठ झाकायचं उत्तर आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना घेतल्यावर स्पेनचा राजा हादरला, आणि १७६५ पासून अलेहान्द्रो ओरायली आणि थॉमस ओडेली या दोन आयरिश माणसांच्या देखरेखीखाली आजचा किल्ला उभा राहिला. १७८३ ला पुरा. अमेरिका खंडातला स्पॅनिशांचा सर्वांत मोठा किल्ला, सुमारे २७ एकर. पूर्वेकडून जमिनीवरून शहरावर चालून येणाऱ्या शत्रूने एक तट घेतला की त्याच्या मागचा उंच तट त्याच्यावर तोफ डागू शकतो, अशी एकामागे एक रचना. १७९७ मध्ये इंग्रज सेनापती अॅबरक्रॉम्बी हजारोंचं सैन्य घेऊन आला आणि पूर्वेच्या बाहेरच्या संरक्षण-फळीलाच अडकून परत गेला.

नांगर
आणि खर्च मेक्सिकोच्या चांदीतून. दरवर्षी तिथल्या खजिन्यातून सान हुआनला रक्कम यायची, तिला सितुआदो म्हणत. छोट्या बेटावर एवढं दगडकाम का, तर वारा. स्पेनहून येणारी शिडाची जहाजं व्यापारी वाऱ्यांवर याच बाजूने कॅरिबियनमध्ये शिरत. गोडं पाणी आणि खोल, आडोशाचं बंदर असलेलं पहिलं मोठं ठाणं हेच. हे ज्याच्या हातात, त्याला पुढच्या सगळ्या बेटांकडे वाऱ्याबरोबर जाता येतं. उलट दिशेने वाऱ्यावर मात करत येणं अवघड.

उत्तरध्रुव
वसई पाहिलेल्यांना एल मोर्रोच्या बुरुजांचा आकार ओळखीचा वाटेल. आपल्या गडांचे बुरूज गोल, इथले बाणाच्या टोकासारखे कोनदार, म्हणजे दोन शेजारचे बुरूज एकमेकांच्या पायथ्यावर मारा करू शकतात आणि शत्रूला तोफांपासून लपायला कोपरा उरत नाही. साम्य योगायोगाचं नाही. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. दुसऱ्या फिलिपने बाउतिस्ता अंतोनेली या इटालियन अभियंत्याला कॅरिबियनकडे पाठवलं, त्याने एल मोर्रोचा आराखडा केला. त्याच राजाने जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती हा दुसरा इटालियन पोर्तुगीज भारताचा मुख्य अभियंता म्हणून गोव्याला पाठवला, मोंबासाचा फोर्ट जीझस त्याचाच. एकाच शाळेतली माणसं दोन समुद्रांवर.

हिशेबनीस
कागदपत्रांवर कुणीच बोललं नाही, म्हणून. प्वेर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळे त्यासाठी वेगळा व्हिसा नाही. पण तुमचं जहाज वाटेत दुसऱ्या देशांच्या बेटांवर लागणार. म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येता. सासू-सासरे भारतातून पर्यटक व्हिसावर आले असतील तर तो अनेक प्रवेशांचा हवा, आणि परतीच्या दिवशी चालू असला पाहिजे.

एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांचा इथे घोटाळा होतो. पासपोर्टातला व्हिसा संपलाय पण आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे, अशा स्थितीत तीस दिवसांच्या आत परत यायची सवलत एच-१बी साठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसाधारकांना. "मेक्सिकोला चाललं होतं म्हणजे बेटांनाही चालेल" हे गृहीत धरू नका. प्रत्येक बेटाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम वेगळे, तेही एकेक करून पाहा.

दुसरं : सान हुआनच्या आधीचा थांबा परदेशी बेटावर असेल तर अमेरिकेत प्रवेशाची तपासणी सान हुआनलाच होते. सगळ्या जहाजाची. त्यात अर्धा-पाऊण तास गेला तर नांगर यांचे चार तास सव्वातीन होतात. थांब्यांचा क्रम बघा.

पाऊलवाट
हिशेबनीस, मोठेच आभार. आमचा क्रम सान हुआन पहिलाच आहे, फ्लोरिडाहून थेट. व्हिसा दहा वर्षांचे, अनेक प्रवेशांचे. बंदरात परत शिरताना पासपोर्ट लागतो का?

हिशेबनीस
जहाजाचं कार्ड आणि मोठ्यांसाठी सरकारी फोटो ओळखपत्र, दोन्ही दारात मागतात. लायसन्स असेल तर ते पुरतं. सासू-सासऱ्यांकडे पासपोर्टच असणार, तो गळ्यातल्या पाकिटात आतल्या बाजूला ठेवा.

झुळूक
घड्याळ! प्वेर्तो रिको वर्षभर एकाच वेळेवर चालतं. उन्हाळ्यात फ्लोरिडा आणि सान हुआन सारखे, पण हिवाळ्यात सान हुआन एक तास पुढे. डिसेंबरात फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो आणि जहाज कदाचित निघतानाचीच वेळ पाळतं. जहाजाच्या पत्रकावर "जहाजाची वेळ" काय लिहिलंय ते आदल्या रात्री पाहा आणि एका हातघड्याळावर तीच लावा. किल्ला स्थानिक वेळेवर बंद होणार, जहाज जहाजाच्या वेळेवर सुटणार. हे दोन आकडे एकाच कागदावर लिहून ठेवा.

चकली
शाकाहारींसाठी कुणी सांगा. मोफोंगो म्हणतात ते आपल्याला चालतं का?

अबोली
मूळ चालत नाही. कच्ची राजेळीसारखी मोठी केळी तळून लाकडी खलबत्त्यात लसणाबरोबर कुटतात, आणि त्यात चिचारोन म्हणजे डुकराच्या कातडीचा कुरकुरीत तुकडा घालतात. त्याशिवाय कुटून मागता येतं. पण वरून जो रस्सा ओततात तो बहुधा कोंबडीचा असतो, तोही विचारा.

नुसतं "सिन कार्ने" म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की गोमांस-डुकराचं मांस डोळ्यासमोर येतं, हॅम आणि कोंबडीचा रस्सा त्यात मोजतीलच असं नाही. म्हणायचं : "सोय वेहेतारियाना" (पुरुषाने "वेहेतारियानो"), "सिन हामोन, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो". म्हणजे हॅम नको, कोंबडी नको, कोंबडीचा रस्सा नको. हसून म्हणा, लोक मदतीला तयार असतात, आणि बहुतेक जागी इंग्रजी चालतंच.

फसवी पानं : आबिचुएलास म्हणजे राजम्याची आमटी, दिसते शाकाहारी, शिजते बऱ्याचदा हॅमबरोबर. आरोस कोन गांदुलेस म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात, त्यातही तेच. बाकालाइतो हे भजं खारवलेल्या कॉड माशाचं. आलकापुरियात मांस.
निर्धास्त : तोस्तोनेस (कच्च्या केळ्याच्या चपट्या, दोनदा तळलेल्या), आमारियोस (पिकल्या केळ्याच्या, गोड), केसितो (चीज भरलेली गोड खारीसारखी), मायोर्का (पिठीसाखर भुरभुरलेला मऊ पाव, मात्र हॅम भरलेलीही मिळते, नुसती मागा). आणि पिरागुआ, गाडीवरचा बर्फाचा गोळा. चिंचेचा, तामारिंदो, घ्याच.

बिलावर कर लागतो आणि टीप वेगळी, अमेरिकेसारखी. चलनही डॉलरच.

उत्तरध्रुव
तुरीचा भात आणि चिंचेचा गोळा! घरीच आल्यासारखं वाटेल सासूबाईंना.

झुळूक
मुलासाठी एल मोर्रोचं मैदान सोडू नका. तिथे सगळं शहर पतंग उडवायला येतं. पतंगाला तिथे चिरिंगा म्हणतात, आसपास विकतही मिळतात. ईशान्येकडून सतत वारा, त्यामुळे ढील द्यायला फारसं कौशल्य लागत नाही. साधा दोराच वापरतात, काचेचा मांजा बरोबर नेऊ नका. ड्रोनला मात्र सक्त बंदी, दोन्ही किल्ल्यांवर आणि मैदानावर.

काजवा
इतकं करण्यापेक्षा एल युंकेच्या जंगलात का जाऊ नये? किल्ले काय, आपल्याकडे पैशाला पासरी. उष्ण कटिबंधातलं पावसाचं जंगल अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये एवढं एकच.

नांगर
जंगल अप्रतिमच आहे, पण या दिवसासाठी नाही. एका बाजूचा प्रवास पाऊण ते एक तास, तोही रस्ता मोकळा असला तर. परतताना संध्याकाळी सगळं सान हुआन त्याच महामार्गावर असतं. साडेबाराला सुटून, दोन तास प्रवासात, दोन तास जंगलात, आणि वर गर्दीसाठी तासभर राखीव ठेवावा लागतो. जुनं शहर मग दिसतच नाही. जायचंच असेल तर जहाजाने विकलेल्या सहलीनेच, कारण ती उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही.

काजवा
ठीक, पटलं. सकाळी ७ ला लागणारं जहाज असेल तर माझा मुद्दा राखून ठेवतो.

बुरूज
आणि काजवा, "पैशाला पासरी" नका म्हणू. सान क्रिस्तोबालच्या कोठडीत कैद्याने भिंतीवर काढलेली जहाजांची चित्रं आहेत, डोलकाठ्या, दोरखंड सगळं नेमकं. १२ मे १८९८ ला अमेरिकन आरमाराने शहरावर मारा केला तेव्हा याही किल्ल्यावरून तोफांनी उत्तर दिलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच तटांवर काँक्रीटच्या टेहळणी चौक्या बांधल्या, त्या अजून दिसतात. एकाच भिंतीत चार शतकांचं युद्धशास्त्र आहे. चौकाखालच्या पाण्याच्या टाक्या पाहा : पाच टाक्या, पावसाचं पाणी छपरांवरून आणि चौकातून गोळा करून साठवलेलं. वेढा पडला तर पाण्यासाठी कुणावर अवलंबून राहायचं नाही, हे आपल्या गडांवरच्या टाक्यांचंच गणित.

हिशेबनीस
पायात काय घालायचं तेही लिहून ठेवतो. गल्ल्यांतल्या निळसर फरशा, आदोकिनेस, या लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या विटा आहेत. दिसायला सुंदर, ओल्या झाल्या की साबणासारख्या. दहा मिनिटांची सर केव्हाही येते. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, खाचा असलेले बूट हवेत. सासूबाईंना गल्लीत मधोमध चालवण्यापेक्षा कडेच्या फूटपाथवरून न्या, आणि हातात काठी असेल तर तिचं रबरी टोक झिजलेलं नाही ना ते पाहा.

अबोली
साडेचारनंतरचं राहिलंच. कॅथेड्रलमध्ये प्वेर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लेओन याची संगमरवरी समाधी आहे. त्याचा पुतळा वर प्लासा सान होसेमध्ये, १७९७ च्या लढाईत इंग्रजांकडून मिळालेल्या तोफा वितळवून ओतलेला. कालेता दे सान हुआनने खाली आलात की सान हुआन दरवाजा, जुन्या शहराच्या दरवाजांपैकी उरलेला एकमेव. बंदरात उतरलेली माणसं इथून आत शिरून सरळ चढून कॅथेड्रलमध्ये आभार मानायला जात. दरवाजावर लॅटिनमध्ये कोरलंय, प्रभूच्या नावाने येणारा धन्य.

दरवाजाबाहेर उजवीकडे पासेओ देल मोर्रो ही वाट तटाच्या पायथ्याने, समुद्राला लागून जाते. ती किल्ल्यात वर निघत नाही, आल्या वाटेनेच परतावं लागतं. हे माहीत नसल्याने लोक टोकापर्यंत जाऊन अडकतात. वेळ नसेल तर पाचच मिनिटं चालून मागे वळून तट पाहा, उंची तिथूनच कळते. डावीकडे वळलात की पासेओ दे ला प्रिन्सेसा, सपाट, बाकं, झाडं. डिसेंबर-अखेर सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, तेव्हा याच टापूत असा.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : आम्ही तिघं सान क्रिस्तोबाल, सासू-सासरे टॅक्सीने बायाहा, पावणेतीनला तिथे भेट, मग सगळे मिळून एल मोर्रो आणि पतंग.

नांगर
दोन गोष्टी निघण्याआधी. पहिली, तुमचं जहाज कुठल्या धक्क्याला लागतंय? १, ३, ४ हे धक्के जुन्या शहराला चिकटून आहेत, उतरलं की शहर. पॅन अमेरिकन धक्का मात्र खाडीच्या पलीकडे इस्ला ग्रांदेवर, तिथून सगळ्यांनाच टॅक्सी लागेल, परतीलाही. परतीची टॅक्सी प्लासा कोलोनजवळ सहाच्या आत धरा.

दुसरी, तुम्ही "डिसेंबरच्या शेवटी" एवढंच लिहिलंय. किल्ले २५ डिसेंबरला आणि १ जानेवारीला बंद असतात. तारीख कोणती?

पाऊलवाट
पत्रक काढून पाहिलं. २७ डिसेंबर, धक्का क्रमांक ४.

नांगर
मग दारातून बाहेर पडा आणि डावीकडे चढाला लागा. टॅक्सी मोठ्यांसाठीच.